खोपीतली हाक

गोदूच्या वाडीच्या पार टोकाला, पोफळी संपतात तिथं, एक खोपी होती. जांभ्याच्या चार भिंती, वर पत्रा आणि वाकून शिरावं लागेल एवढं फळकुटांचं दार. नारळाची सोडणं, खताची रिकामी पोती, फवारणीचा पंप, पाण्याचा तुटका पाइप, दांडा नसलेला कोयता. घरात ठेवायला जागा नाही आणि टाकायला मन होत नाही, ते सगळं खोपीत जाई. असंच एक दिवस गोदूही गेली.

त्याला कारण घडलं होतं. काशीदला येणारी माणसं काशीदात मावेनाशी झाली, तशी आजूबाजूच्या गावांनी आपापल्या पडव्यांना न्हाण्या जोडून खोल्या काढल्या. गोदूचा मुलगा मितेश, त्यानंही काढल्या. शनिवार-रविवारी घर फुलून जाई. कुणाला सुरमई हवी, कुणाला चार्जर, आणि कुणाला देवघरात रेंज चांगली येते म्हणून उंबऱ्यावरच ठाण मांडायचं असे. गोदूचं तर रोजचं मौन. सूर्य डोक्यावर आला की ती बोलणं बंद करी, आणि तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावला की पहिला शब्द काढी. पाव्हण्यांनी पाणी मागितलं तर ती आणून देई, हात जोडी, हसे. जाताना एका बाईंनी सून सुचिताच्या हातात एका डॉक्टरांचं कार्ड हळूच सरकवलं. म्हणाल्या, "आजींना दाखवा. हल्ली वाचा येते ऑपरेशननं."

चांगदेव, गोदूचा नवरा, ते कार्ड घेऊन गावभर फिरला. "उलटं ऑपरेशन करतो काय त्याला विचारतो," म्हणाला. "दुपारची गप्प असते, सकाळची पण करून घेतो."

"व्हय," दिवा लागल्यावर गोदू म्हणाली, "आणि तुमचं कानाचं पण करून घ्या. माझी सकाळची कामं तुम्हाला ऐकू येत न्हाईत."

पण पाव्हण्यांच्या गलक्यात मौन म्हणजे नुसतं तोंड मिटणं होऊ लागलं, मन मिटेना. मग तिनं खोपीचा एक कोपरा झाडला, शेणानं सारवला, मागच्या भिंतीला पाट टाकला, तांब्याभर पाणी ठेवलं आणि माळ घेऊन बसली. बसली ती तिथलीच झाली.

तिथं काय ठेवलंय, असं चांगदेव विचारी. तिला सांगता येत नसे. सोडणांचा तो कोरडा, जरासा कडसर वास. पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून पडणारे उन्हाचे ठिपके, ते पोत्यांवरून सरकत सरकत पंपापर्यंत पोचले की दिवाबत्तीला उठायचं. घरात ती कुणाची आई होती, कुणाची सासू, कुणाची काकी, आणि प्रत्येक नात्याला एक हाक होती. खोपीत हाक नव्हती. तिथं ती नुसती असे. देवाकडेही तिथं काही मागत नसे. मागायचं ते मागून झालं होतं.

मागितलं होतं ते प्राप्तीसाठी. मितेशची ही लेक दिवस भरायच्या आधीच जन्माला आली. अलिबागच्या दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवली होती, आणि छाती अशी हले की बघणाऱ्याचाच दम कोंडावा. हाताएवढी पोर, तिच्या अंगावर मांस नाही. डॉक्टर म्हणाले, श्वासाचं काही सांगता येत नाही. गोदू काचेला हात लावून उभी राहिली आणि तिनं गावच्या सोमजाईला शब्द दिला. आई, हिला श्वास दे, माझी वाचा घे. सगळी घेतलीस तर संसार कसा करू, म्हणून अर्धी घे. ही सात वर्षं पुरी करीपर्यंत दुपारपासून दिव्यापर्यंत मी शब्द काढणार नाही.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. नवस बोलून दाखवला की त्याचं बळ जातं, असं तिची आई सांगे. घरच्यांना वाटे, सासूबाईंच्या अनेक व्रतांतलं हे एक. सोमवार, चतुर्थी, एकादशी, तसं मौन. आणि प्राप्ती जगली. छातीत अधूनमधून घरघर होई, तोंडाला लावायचा पंप दप्तरात असे, पण जगली, बोलू लागली, आणि बोलू लागली ती थांबेना. येत्या कार्तिकात सात पुरी होणार होती.

नातीला मात्र आजीचं मौन मनापासून आवडे. शाळेतून आली, जेवली की ती वाडीत शिरे, फाटकापासून फणसापर्यंत मोठ्यानं कविता म्हणे, आणि फणसाखाली आली की एकदम गप्प. तिथून पुढं आजीच्या मौनाची हद्द. मग चपला काढून, पावलं न वाजवता, ती खोपीशी येई, अंगानं दार ढकली आणि दाराजवळच्या पोत्यांच्या ढिगावर जाऊन बसे. दोघी काही बोलत नसत. पोर पोत्यातली सुतळी ओढीत बसे, आजी माळ ओढी. तिच्यासाठी गोदू दाराची कडी कधी लावत नसे.

खोपीत आणखी एक जण येई, एक उंदीर. गणपतीचं वाहन म्हणून गोदू त्याला रोज चिमूटभर तांदूळ टाकी. चांगदेवानं एकदा बघितलं. म्हणाला, "गोदू, उंदराला जेवायला बोलावतेस ते बरं हाय. पण उंदराच्या मागं कोण जेवायला येतो ते ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. पण चिमूटभर तांदळानं काय होतंय, असं तिला वाटलं.

आश्विन सरत आला होता. भात कापून झालं होतं, खाचरं उघडी पडली होती. ऊन असं की पत्रा तडतड वाजे. आठवड्यातला आडवार होता, म्हणून घरी पाव्हणे नव्हते. मितेश रेवसला गेला होता, सुचिता खोल्यांच्या चादरी धूत होती, चांगदेव वाडीच्या वरच्या अंगाला विहिरीचा पंप खोलून बसला होता. गोदूनं तांब्या भरून घेतला, खोपीत आली, दार लोटलं आणि पाटावर बसली.

माळेचा निम्मा फेरा झाला असेल. कुठंतरी वाफ सुटल्यासारखा आवाज आला. कुकरची शिट्टी होता होता राहते, तसा. फवारणीच्या पंपातली हवा चालली असावी, असं तिच्या मनात आलं. आवाज थांबला. पुन्हा आला, या वेळी लांबलचक. पंप डाव्या हाताला होता. आवाज समोरून येत होता.

तिनं मान न हलवता डोळे उचलले.

दाराजवळ पोत्यांचा ढीग, आणि ढिगाच्या पायथ्याशी, उन्हाच्या दोन ठिपक्यांच्या मधे, घोणस बसली होती. मनगटाएवढी जाड, अंगावर तपकिरी कड्यांची साखळी. वेटोळं घट्ट, डोकं मधोमध, आणि प्रत्येक फूत्काराबरोबर सगळं अंग फुगे आणि बसे. नाग असता तर तिनं हात तरी जोडले असते, पंचमीला दूध दाखवलेलं, ओळख तरी असते. घोणशीची कुणाशी ओळख नसते. मागच्या वर्षी खालच्या आळीतला एक गडी भात कापताना घोणशीनंच नेला होता.

गोदूच्या हातातली माळ थांबली. मांडी घातलेली, पाठ भिंतीला. मागं जायला जागा नाही, पुढं दार, आणि दारात ती. पायाला मुंग्या यायला लागल्या होत्या. त्या पायांनी उठता येईल की नाही, हेच तिला कळेना. घाम कपाळावरून निघाला आणि भुवईत येऊन थांबला, तो पुसायला हात वर गेला नाही. सोमजाई, सोमजाई, एवढंच ती मनात म्हणत राहिली. पुढचा शब्द सुचेना.

हलू नये. हलली नाही तर ही जाईल. आली तशी जाईल. दिव्याच्या वेळेपर्यंत बसायचंच आहे, रोज बसते तशी बसेन. असं तिनं स्वतःला समजावलं आणि श्वास जरा खाली बसला.

तेवढ्यात वाडीचं फाटक करकरलं, आणि कविता ऐकू आली.

 प्राप्ती. ही येणार, अंगानं दार ढकलणार आणि बघता न बघता पोत्यांवर बसणार. रोजच्या जागी. अनवाणी.

कविता जवळ येत होती. आता केळींपाशी. आता पाण्याच्या पाटावरच्या फळीवर, कारण तिथं पोर उडी मारते आणि शब्द तुटतो. गोदूला ओरडायचं होतं आणि तिचे ओठ चिकटले होते. भीतीनं नव्हे, किंवा नुसत्या भीतीनं नव्हे. सात वर्षांची मिठी होती ती. बोलली तर नवस मोडतो. मोडला तर देवीनं दिलेलं देवी परत मागेल, आणि देवीनं काय दिलंय? समोरून गात येतंय तेच. नाही बोलली, तर तेच या दारातून आत येतंय. एका हातानं वाचवावी तर दुसऱ्या हातानं जाते. अशा कात्रीत बाईमाणसानं करायचं काय, हे तिला कुठल्या व्रतात कुणी शिकवलं नव्हतं.

कविता बंद झाली.

फणस आला. आता आवाज नाही, पावलं नाहीत. पोर कुठवर आली ते कळायला मार्ग नाही. ही शांतता गोदूनंच तिला शिकवलेली. फणसापासून खोपी किती लांब, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, आणि आता तिला ते अंतर आठवेना.

"प्राप्ती."

आवाज असा निघाला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. घोगरा, खरवडलेला, कुणा तिसऱ्याचाच. घोणशीनं डोकं तसूभर वळवलं.

 बाहेर पाचोळा वाजला. पावलं. आणि ती पावलं थांबली नाहीत, मागंही गेली नाहीत. ती धावत खोपीकडे यायला लागली.

तेव्हा गोदूला आठवलं. तिनंच सांगितलं होतं पोरीला. भरदुपारी वाडीत नावानं हाक आली तर ओ देऊ नको. थांबू नको, मागं बघू नको. एक हाक माणसाची नसते, माणूस तीनदा हाक मारतं. एकच आली तर धावत सुटायचं आणि सरळ माझ्याकडे यायचं, माझ्यापाशी आलीस की तुला कुणी हात लावणार नाही. असं तिनं पोरीला कुशीत घेऊन सांगितलं होतं. आता पोर आजीकडेच धावत होती. हाक मारणारी आजी असेल, हे तिच्या मनातही येणं शक्य नव्हतं. आजी या वेळी बोलत नाही.

"प्राप्ती, प्राप्ती, थांब, प्राप्ती."

हाका एकीत एक मिसळून गेल्या. दार हललं. फटीतून उन्हाची पट्टी आत आली आणि थेट त्या साखळीवर पडली. घोणस कड्याकड्यानं घट्ट झाली, मान मागं गेली, आणि फूत्कार खोपीभर झाला. फटीत पोरीची चार बोटं दिसली.

गोदूनं तांब्या उचलला कधी, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. पाण्यासकट तो दारावर आदळला, बोटं मागं गेली, दार धाडकन मिटलं, बाहेर पोर किंचाळली, आणि घोणशीनं खाली पडलेल्या तांब्यावर तोंड मारलं. तांब्या घरंगळत पंपाला जाऊन लागला. जनावर सरसरत पोत्यांच्या खाली शिरलं.

आता ते दिसतही नव्हतं. हे जास्त वाईट होतं.

बाहेर मुसमुसणं ऐकू आलं.

"प्राप्ती, मी आहे. आजी. दाराला हात लावू नको. मागं हो."

"तू आजी नाहीस," दारामागून आवाज आला, रडका, पण ठाम. "आजी बोलत नाही. तू तिला काय केलंस?"

"मीच हाय गो. आत साप हाय, म्हणून बोलले. जा, आबांना बोलाव."

"आजीला बाहेर पाठव."

गोदूचे डोळे पोत्यांवर होते. वरचं पोतं किंचित उचलल्यासारखं झालं आणि बसलं. "साप हाय बाय. मला उठता येत न्हाय."

"मग सांग, आजी मला काय म्हणते. दिवा लावल्यावर."

काचपेटीतून घरी आणली तेव्हा ती वाळवलेल्या कोळंबीएवढीच दिसत होती. दिवा लावून मौन सुटलं की गोदूचा पहिला शब्द तिच्यासाठी असे, तोही अगदी कानात, कारण सुचिताला ते नाव आवडत नसे.

"सुकटे," गोदू म्हणाली. "माझी सुकट, जा आता."

 मग पावलं वळली, आणि पोर धावत, खोकत, "आबा, आबा" करत वरच्या अंगाला गेली. ते खोकणं गोदू लांबपर्यंत ऐकत राहिली.

मग तिनं तोंड मिटलं. का मिटलं, ते देवाला ठाऊक. मोडलं ते मोडलं, पण जेवढं उरलंय तेवढं तरी जोडून ठेवावं, फुटक्या भांड्याचे तुकडे माणूस उगाच जवळ धरून ठेवतो, तसं असेल.

चांगदेव आला तो नारळ पाडायची लांब आकडी घेऊनच. "गोदू," तो दाराबाहेरून म्हणाला, "कुठं हाय ती? दाराशी का लांब?"

गोदू बोलली नाही.

"अगो, डसली काय तुला? बोल ना." त्याचा आवाज एवढा बारीक झालेला तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. "पोरीशी बोललीस म्हणे. मग माझ्याशीच काय वाकडं?"

तिला रडू आलं. पण शब्द काढला नाही. तिनं माळेचा मेरुमणी भिंतीवर टकटक वाजवला.

बाहेर चांगदेवानं श्वास सोडला. "हाय म्हणजे जागेवर. धन्य हाय बाई तुझी. जनावर दाराशी असंल तर एकदा वाजव. तुझ्याशी असंल तर दोनदा."

तिनं एकदा वाजवलं.

"बरं. हलू नको. सुचितानं कुलदीपला फोन केलाय, साप धरतो तो. निघालाय. मी हितंच हाय, काय?" आणि मग, बायको उत्तर देणार नाही हे माहीत असल्यामुळे असेल, किंवा स्वतःचीच भीती दाबायला असेल, तो बोलतच राहिला. विहिरीच्या पंपाबद्दल, कापलेल्या भाताबद्दल, लग्नानंतर पहिल्यांदा दिघीच्या तरीत बसून आगरदांड्याला जाताना गोदूला उलटी झाली त्याबद्दल. ती ऐकत होती आणि तिचे डोळे पोत्यांच्या कडेवरून हलत नव्हते. उन्हाचे ठिपके पोत्यांवर चढले.

कुलदीप आला. दार त्यानं इंच इंच उघडलं, हातातल्या आकड्यानं एक एक पोतं बाजूला केलं. "काकी, माझ्याकडे बघा, तिच्याकडे नको," एवढंच म्हणाला. शेवटच्या पोत्याखाली ती होती, आणि तिच्या पोटाचं एक कडं बाकीच्यांपेक्षा फुगलेलं होतं. उंदीर. कुलदीपनं तिला आकड्यावर उचलली, बरणीत सोडली, झाकण फिरवलं. गोदूला चांगदेवानं आणि सुनेनं दोन्हीकडून धरून बाहेर काढली. पाय लाकडासारखे झाले होते.

तुळशीपाशी दिवा लागला, पण गोदूच्या तोंडून शब्द निघेना. ओसरीवर प्राप्ती बसली होती, सुचितानं तिच्या तोंडाला पंप लावलेला. छाती भात्यासारखी चालली होती.

"धावली ना, म्हणून," सुचिता म्हणाली. "आई, तुम्ही कशाला एवढ्या घाबरता? गेल्या महिन्यात शाळेच्या शर्यतीत पण असंच झालं होतं."

गोदू कशानं घाबरली होती ते सुचिताला कळणार नव्हतं. तिच्या लेखी मोजणी सुरू झाली होती. देवीनं हात पुढं केला होता, आणि तो कुठवर येतो एवढंच बघायचं होतं. तिनं पोरीच्या पाठीवर तळवा ठेवला. आत घरघर होत होती. पेटीच्या काचेतून दिसायची तीच छाती, फक्त मोठी झालेली.

"आजी," प्राप्तीनं पंप काढून विचारलं, "भूत पण सुकटे म्हणू शकतं का?"

"न्हाय गो."

"मग बरं."

सकाळी अंघोळ करून गोदू सोमजाईच्या देवळात गेली. प्राप्ती मागं लागली म्हणून तिलाही घेतली. धर्माजी गुरव गाभारा पुसत होता. "वैनी, आज मधेच?" त्यानं विचारलं.

"कौल लावायचाय."

त्यानं फुलाच्या पाकळ्या ओल्या करून देवीच्या पाषाणाला डावी-उजवीकडे चिकटवल्या आणि बाजूला झाला. "मनात गाऱ्हाणं घाला. उजवी पडली की देवीचा होकार."

गोदूनं हात जोडले. आई, मी बोलले. सात वर्षं पुरी व्हायच्या आत बोलले. नवस राहिला की गेला, एवढं सांग. तिनं डोळे उघडले. पाषाणाच्या काळ्या अंगावर पाकळ्यांना पाणी सुटलं होतं. डावीकडची जरा ओघळल्यासारखी दिसली. किंवा दिव्याची ज्योत हलली असेल. 

डावी पडली तर? तर काय करणार होती ती? आणि उजवी पडली, तरी पुन्हा तशी वेळ आली, पोर पुन्हा दाराशी आली, तर तोंड मिटून बसणार होती काय? ती हाक मारणार होती. देवीनं कान उपटून सांगितलं असतं की मारू नकोस, तरी मारणार होती. मग विचारायचं ते काय?

"धर्माजीभाऊ, काढा त्या पाकळ्या."

"अहो, पडू द्या तरी. आईला विचारलंय तर उत्तर घेऊन जावं."

"नको. चुकलं ते माझं, विचारायचं नव्हतं." तिनं स्वतःच पुढं होऊन दोन्ही पाकळ्या उचलल्या, कपाळाला लावल्या आणि पदरात बांधल्या. गुरव बघत राहिला. देवीनं बघितलं की नाही, ते तिला कळलं नाही, आणि तेच ओझं घेऊन ती पायऱ्या उतरली.

घरी आली तर चांगदेवानं खोपी रिकामी केली होती. सोडणं बाहेर, पोती जाळलेली, भिंतीची भोकं सिमेंटनं बुजवलेली, झरोक्याला जाळी. "मुंगी पण शिरायची न्हाय," म्हणाला. "उंदराला मात्र आता हॉटेल शोधायला लागेल."

सूर्य डोक्यावर आला. गोदूनं तोंड मिटलं आणि पाट घेऊन खोपीत गेली. आत फिनेलचा वास होता. चार भिंती आणि एक पत्रा, दुसरं काही नाही. लपायला जागा नाही, जनावराला नाही आणि तिलाही नाही. तरी पाटावर बसायच्या आधी तिनं तो तीनदा उलटून बघितला. दार सताड उघडं ठेवलं. माळ हातात घेतली, आणि पत्रा तडकन वाजला तशी ती दचकली, बोटांतला मणी सुटला.

फाटक वाजलं. आज कविता नव्हती. प्राप्ती फणसाखाली आली आणि थांबली. चपला काढल्या नाहीत. तिथूनच खोपीच्या उघड्या दाराकडे बघत राहिली. पुढं येईना आणि मागं जाईना. मग तिला खोकला आला, बारीकसा.

गोदूनं वाट बघितली. पोर आली नाही. तेव्हा गोदू उठली, पाट तिथंच ठेवला आणि खोपीतून बाहेर पडून फणसाकडे चालत गेली. काही बोलली नाही. झाडाच्या मुळावर बसली, नातीला पुढ्यात ओढली आणि तिच्या पाठीवर तळवा ठेवला. पोर नुसती टेकली.

तळव्याखाली श्वास वर येई, खाली जाई. खाली गेलेला पुन्हा वर येईपर्यंत गोदूचा जीव थाऱ्यावर नसे.